नायिबेचा होकार

जेवायला बाराला बोलावलं होतं, तर विल्मार अकरालाच हजर. आईशी भांडायला तासभर हाताशी असावा, म्हणून.

“कागद कुठं आहे?” सोगामोसोच्या बसमधून उतरून तो थेट स्वयंपाकघरात आला आणि खांद्यावरचा लोकरी रुआना काढायच्या आधीच त्याने विचारलं.

“आधी ते दार लाव. वारं आत येतंय. पोरीची छाती आत्ता कुठे मोकळी झालीय,” एदेल्मिरा म्हणाली. गव्हाच्या भरडीचं कुचुको सूप तळाला लागू नये म्हणून ती सारखी ढवळत होती, निदान दाखवत तरी तसं होती.

कागद तिच्या एप्रनच्या खिशातच होता. बुधवारपासून तिथेच होता आणि तेवढ्यात त्याला तेलाचे दोन डाग पडले होते. वर मुलीचं नाव, खाली दोन चौकटी. ‘बालिका नव्या कुटुंबात जाण्यास तयार आहे.’ ‘तयार नाही.’ एकीत खूण करायची, खाली सही ठोकायची आणि आज, शनिवारी चार वाजता बालकल्याण कार्यालयाच्या पिलार मॅडम आल्या की त्यांच्या हातात द्यायचा. मॅडम एकट्या येणार नव्हत्या. इबागेची बेरेनीसे नावाची बाई त्यांच्याबरोबर येणार होती, आणि खूण पहिल्या चौकटीत असली तर पुढच्या शनिवारी नायिबे त्या बाईबरोबर इबागेला जाणार होती. कायमची.

नायिबे सात वर्षांची. दोन वर्षांची असताना रुग्णालयातून आली ती नाकात नळी घेऊनच. सोबतच्या फायलीत सेरेब्रल पाल्सी असं लिहिलं होतं आणि त्याखाली दीड पान भरून ती काय काय करू शकणार नाही त्याची यादी होती. नळी आठ महिन्यांत सुटली. मान धरायला तीन वर्षं लागली. हातपाय ताठरलेलेच राहिले, बोलणं आलं नाही. पण दुइतामाच्या त्या गल्लीत एदेल्मिराच्या, म्हणजे टिबादुइसांच्या घरी नायिबे राहते हे कुत्र्यांनासुद्धा ठाऊक होतं, कारण ती हसायची तेव्हा तिसऱ्या घरापर्यंत ऐकू जायचं.

एदेल्मिराने एकोणीस वर्षांत अशी पंधरा मुलं सांभाळली होती. सांभाळणाऱ्या घराने मूल दत्तक घ्यायचं नाही, हा कार्यालयाचा नियम पहिल्या दिवशीच सांगितला जातो. मुलांना ‘आई’ म्हणू द्यायचं नाही, ‘मावशी’ म्हणायला शिकवायचं, हा दुसरा. नायिबे तिला मनातल्या मनात काय म्हणते हे मात्र कार्यालयालाही तपासता आलं नसतं, आणि एदेल्मिराने त्याबद्दल मनात जे धरून ठेवलं होतं ते तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

“सही केलीस?”

“नाही.”

“का?”

“पेन सापडत नव्हतं.”

“तीन दिवस?” विल्मारने खुर्ची ओढली. “आई, तुझी कंबर गेलीय. बाबा बहात्तरचे झाले. ही आज अठरा किलोची आहे, उद्या तीसची होईल. तिला अंघोळीला उचलायचं कुणी? मी येऊ रोज सोगामोसोहून?”

“ये की. तुझी तरी अंघोळ होईल.”

मागच्या अंगणातून यामिले आली. ती विल्मारची धाकटी बहीण, औषधाच्या दुकानात काम करणारी, नवऱ्याला सोडून पाच वर्षांपूर्वी माहेरी परतलेली. म्हणजे नायिबे आणि ती एकाच महिन्यात या घरात आल्या होत्या, आणि यामिलेला आपण आधी आलो असं उगाचच वाटायचं. तिने नायिबेची चाकाची खुर्ची उंबऱ्यावरून अलगद आत घेतली, ब्रेक लावला, मानेखालची उशी नीट केली आणि मग भावाकडे पाहिलं.

“हिच्यासमोर किलोबिलो बोलू नकोस. बटाट्याचं पोतं नाहीये ती.”

“मी कुठे म्हटलं...”

“आई, ‘तयार नाही’ लिही. सहा महिने तरी मिळतील. थंडीपावसात छाती भरते, ते कारण खरंच आहे. कोण खोटं म्हणेल?”

“सहा महिने म्हणजे नक्की किती, ते मारिसेलला जाऊन विचार,” विल्मार म्हणाला.

ते नाव या घरात चुलीजवळ कुणी काढत नसे.

मारिसेल ही पाचवी. अकरा वर्षांपूर्वी असाच कागद आला होता आणि एदेल्मिराने दुसऱ्या चौकटीत खूण केली होती, कारण मारिसेल रात्री रडत उठायची आणि अनोळखी घरी तिला कोण उठून जवळ घेईल, अशी एदेल्मिराला काळजी होती. सहा महिन्यांचं वर्ष झालं. तिला न्यायला थांबलेल्या नवराबायकोने दुसरं मूल घेतलं. त्यानंतर मारिसेलला बघायला कुणीच आलं नाही, आणि तेरा पूर्ण झाल्यावर कार्यालयाने तिला तुंखाच्या मोठ्या संस्थेत हलवलं. एदेल्मिरा दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मक्याच्या आरेपा-भाकऱ्या घेऊन तिला भेटायला जाते. मारिसेल तिला ओळखते. आणि दर वेळी तिला पाहिलं की आत जाऊन स्वेटर घालून येते, घरी निघायला.

“झालं तुझं?” यामिले भावाला म्हणाली. “आल्या आल्या आईला रडवलंस.”

“मी रडत नाहीये,” एदेल्मिरा म्हणाली. “कांदा आहे.” कांदा केव्हाच शिजून गेला होता.

तेवढ्यात ओतिलिया आली. एदेल्मिराची थोरली बहीण, सत्तरीची, चाळीस वर्षं चर्चमध्ये पोरांना प्रार्थना शिकवलेली, त्यामुळे तिचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचतोच. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशन करून घे म्हटलं की सांगते, जे बघायचं ते बघून झालं. भिंतीला हात लावत ती टेबलापर्यंत आली.

“वही झाली का एदे?”

“एक पान राहिलंय ताई.”

“मग जेवण वाढ आणि घे लिहायला. चार वाजायला वेळ लागत नाही.”

मूल जायचं ठरलं की त्याच्याबरोबर वही जाते. फोटो, आजारपणं, काय आवडतं, कशाची भीती वाटते, झोप कशी लागते, सगळं. इतर घरांत ती वही एकटी बाई बसून भरते. टिबादुइसांकडे मात्र जेवणानंतर सगळ्यांनी टेबलाशी बसून एकेक गोष्ट सांगायची आणि एदेल्मिराने लिहायची, कारण तिचं अक्षर चांगलं, अशी पद्धत पडली होती. कागदावर कुठलीही खूण झाली तरी वही तयार असावी, असं म्हणून एदेल्मिराने आठवडाभर नायिबेची वही भरली होती. दूध पातळ द्यायचं नाही, कॉर्नस्टार्चने घट्ट करायचं. जेवताना हनुवटी खाली. अंथरुणात उजव्या कुशीवर. फुग्यांची भीती. मिक्सरचा आवाज आवडतो. सायकलच्या शर्यती आवडतात, हे तिच्या नवऱ्याने, अनातोलिओने सांगितलेलं. तो मुलीला मांडीवर घेऊन टीव्हीवर तासन् तास डोंगर चढणारे सायकलवाले बघायचा आणि तेवढ्यावर आपण मूल सांभाळतो असं त्याचं मत होतं.

राहिलेल्या पानावर एदेल्मिराने वरती ठळक लिहिलं होतं: ‘हो आणि नाही’.

जेवणाची भांडी उचलली गेली. एदेल्मिराने चष्मा लावला आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं, “हो म्हणायचं असलं की डोळे वर करते. नाही म्हणायचं असलं की सरळ समोर बघत राहते.”

“डोळे?” यामिले म्हणाली. “डोळ्यांचं काय? मूठ लिही. डाव्या हाताची मूठ मिटते ती, हो म्हणताना.”

“मूठ तिची ताठरपणाने मिटते.”

“आई, पाच वर्षं मी भरवते तिला. अजून घास हवा का विचारलं की मूठ. नको असेल तर बोटं सैल. इतकं साधं आहे.”

“पाच वर्षं तू तिला नको असताना भरवत असशील!”

“आणि तू तिच्या डोळ्यांत बघून छताला काय आहे ते शोधत असशील.”

“कशाला भांडता?” ओतिलियाने काठी आपटली. “ती हुंकार देते. ‘अं’ असा, बारीक. मी जपमाळ घेऊन तिच्याशेजारी बसते, अजून एक म्हणू का बाळा, म्हटलं की ‘अं’. नको असेल तर गप्प. डोळे काय, मूठ काय! दोघी मिळून पोरीची भाषा बिघडवून ठेवाल.”

“ताई, तुला तिचे डोळे दिसतात तरी का?”

“मला ऐकू येतं. ते तुम्हां दोघींना येत नाही, ते दिसतंच आहे.”

एदेल्मिराने पेन खाली ठेवलं. दर तीन महिन्यांनी कार्यालयाला अहवाल जायचा आणि त्यात ती नेमाने लिहायची, ‘डोळ्यांनी उत्तर देते.’ तिचंच चुकत असेल तर? पाच वर्षं? तिने किती प्रश्न विचारले होते! दुखतंय का, थंडी वाजतेय का, दिवा राहू देऊ का.

“अहो, तुम्ही सांगा,” ती नवऱ्याला म्हणाली.

अनातोलिओने आयुष्यभर बस चालवली होती आणि चालकाशी बोलू नये ही पाटी त्याने घरीही लावून घेतली होती. “पाय,” तो म्हणाला.

“पाय काय?”

“हो असलं की टाचेने ढुसणी देते. इथे.” त्याने मांडी दाखवली.

विल्मार हसायला लागला, पण ते हसणं काही बरं नव्हतं. “म्हणजे तिला काही कळतच नाही, असाच अर्थ झाला ना? चौघांनी चार ठिकाणी हवं ते बघितलं. डोळे हलतात, मूठ मिटते, पाय उडतो. आजारच आहे तो तसा. आणि आपण त्यावर वही लिहितोय.”

प्रत्येकाला तीच भीती वाटली होती. नायिबे खुर्चीत बसून एकेकाच्या तोंडाकडे बघत होती.

यामिलेच उठली. तिने वाटीत ताजं पनीर घेतलं, त्यावर गुळाचा पाक ओतला आणि वाटी टेबलावर मधोमध ठेवली. “विचारा,” ती म्हणाली. “एकेकाने. सगळ्यांसमोर.”

एदेल्मिरा खुर्चीसमोर वाकली. “नायिबे, पाक हवा?” डोळे वर गेले, पापण्यांखाली नुसतं पांढरं उरेपर्यंत.

“बघा!”

“थांब.” यामिले डाव्या बाजूला बसली, जिथे ती रोज भरवायला बसते. “पाक हवा का गं?” डोळे जागचे हलले नाहीत. डाव्या हाताची चार बोटं हळूहळू अंगठ्यावर आली आणि घट्ट मिटली.

ओतिलियाला विचारायलाही लागलं नाही. तिने नुसतं “बाळा?” म्हटलं आणि सगळ्यांनी तो ‘अं’ ऐकला. अनातोलिओने मुलीला मांडीवर घेतलं, तोंड टीव्हीकडे, टीव्ही बंद होता तरी. “पाक?” टाच बसली.

“आता नको असलेलं विचारा,” विल्मार म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता. “मिरची घालायची का, विचारा.”

चौघांनी विचारलं. डोळे सरळ, बोटं सैल, ओठ मिटलेले, पाय गप्प.

एदेल्मिराने वहीतली ती ओळ खोडली. कुणीच चुकलं नव्हतं. मग हे काय होतं? एका माणसाला चार प्रकारचं ‘हो’ कशाला लागतं? तिला आनंद व्हायला हवा होता, आणि होतही होता बहुतेक, पण त्याच्यातच कुठेतरी तिला लुबाडल्यासारखं वाटत होतं. डोळे वर करणं तिला वाटायचं ते दोघींचं आहे. आता कळलं की ते खरंच फक्त दोघींचं होतं, आणि इतरांचंही तसंच वेगळं काहीतरी होतं, आणि यातलं कशाचं वाईट वाटून घ्यावं ते तिला समजेना.

“पण असं का?” यामिले म्हणाली.

“ओतिलियाला दिसत नाही,” अनातोलिओ म्हणाला. सगळे त्याच्याकडे बघू लागले, तसा तो आणखी अवघडला. “मी सायकली बघत असतो. तिचं तोंड कुठे बघतो मी? यामिले ताटाकडे बघते. हात ताटाजवळ असतो.” एवढं बोलून त्याला पुरे झालं. त्याने नायिबेला परत खुर्चीत बसवलं आणि तिच्या तोंडात पाकाचा चमचा घातला.

“म्हणजे ज्याला जे कळेल ते,” ओतिलिया सावकाश म्हणाली. “अगं बाई गं. आपण हिला शिकवतोय असं धरून चाललो होतो.”

“आणि ते थेरपीवाले लिहून गेले, ‘प्रतिसादात सातत्य नाही’,” यामिले म्हणाली.

“दर सहा महिन्यांनी माणूस बदलतात. पोरीने तरी किती जणांचं शिकावं?” ओतिलिया म्हणाली.

विल्मार उठून खिडकीशी गेला होता. तिथूनच म्हणाला, “माझ्याशी ती काहीच करत नाही. मी महिन्यातून एकदा येतो, कशाला करेल!” मग परत, “मी दर वेळी आल्यावर विचारतो, विल्मारदादा आवडतो का तुला? आणि ती तोंड फिरवते.”

कुणाच्या लक्षात यायच्या आधी एदेल्मिराच्या लक्षात आलं. “विचार,” ती म्हणाली. “पाकाचं विचार.”

“जाऊ दे आई.”

“विचार म्हणते ना.”

तो खुर्चीसमोर उकिडवा बसला. “पाक हवा?” नायिबेने मान वळवून भिंतीकडे तोंड केलं. गालाला खळी पडली होती. “मिरची?” तिने तोंड परत फिरवलं आणि त्याच्याकडे टक लावून पाहिलं.

पस्तीस वर्षांचा विल्मार, ज्याने बापाच्या अपघातातही डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं, त्याने रुआनाच्या टोकात तोंड खुपसलं. “मला वाटायचं मी आवडत नाही तिला,” तो म्हणाला. “बायकोलाही सांगितलं मी तसं.”

आणि मग सगळंच उलटंपालटं झालं. नाक पुसून झाल्यावर तोच म्हणायला लागला, “आई, नको पाठवू. हे सगळं त्या बाईला कोण सांगणार? वहीत काय लिहिणार तू? तिथे ती मुकी होऊन बसेल. ‘तयार नाही’ लिही, मी येतो दर रविवारी, उचलायला येतो.” आणि सकाळपासून ‘तयार नाही’ म्हणणारी यामिले, वाटी धुता धुता, पाठ न वळवता म्हणाली, “पाच जणांना शिकवलं तिने. सहाव्या बाईला शिकवता येणार नाही? आपलंच काहीतरी चुकतंय. आपल्याला वाटतं की आपल्याशिवाय तिचं...” नळ तिने बराच वेळ चालू ठेवला.

“तिलाच विचार ना एदे,” ओतिलिया म्हणाली. “पाकाचं विचारता, मिरचीचं विचारता. जायचंय का, ते कुणी विचारलं?”

“सात वर्षांच्या मुलाला काय कळतं त्यातलं?”

“पाच भाषा कळतात.”

“मी नाही विचारणार,” एदेल्मिरा म्हणाली, आणि इतक्या चढ्या आवाजात म्हणाली की नायिबेचे दोन्ही हात दचकून वर उडाले. ती उत्तराला घाबरत होती. नाही म्हणाली तर मारिसेलचा रस्ता, आणि हो म्हणाली तर... हो म्हणाली तर काय, हे तिला धड विचारही करता येत नव्हतं.

चारला पाच मिनिटं असताना दार वाजलं. वहीतलं पान तसंच होतं, एक ओळ लिहून खोडलेली. कागद खिशात.

बेरेनीसे एदेल्मिराला वाटली होती त्याहून बुटकी निघाली. त्रेचाळीस-चव्वेचाळीसची, एकटी, इबागेत कवळ्या बनवायच्या प्रयोगशाळेत कामाला. गरम गावातून आलेली, त्यामुळे थंडीने तिचं नाक लाल झालं होतं. हातात काही नव्हतं. “मी काही आणलं नाही,” ती आल्या आल्या म्हणाली, जणू गुन्हा कबूल करत होती. “म्हटलं, काय आवडतं ते आधी विचारावं.” विल्मारने ‘कंजूष’ अशा अर्थाने बहिणीकडे पाहिलं, बहिणीने पाहिलं नाही असं केलं.

गुळाचं गरम पाणी दिलं गेलं. पिलार मॅडमनी वही चाळली. “हे पान?”

“ते अजून ठरलेलं नाही,” एदेल्मिरा म्हणाली.

“पण तुमच्या अहवालात नेहमी असतं ना, डोळे वर...”

“ते माझ्याशी.”

मॅडमना काही उमगलं नाही आणि कुणी समजावूनही सांगितलं नाही. बेरेनीसेने छोटं स्टूल ओढून खुर्चीसमोर ठेवलं, पण बसली नाही. “नायिबे, मी इथे बसू का?” तिने विचारलं.

सगळं घर एकदम बघू लागलं, जो तो आपापल्या ठिकाणी. एदेल्मिराने डोळे पाहिले, सरळ. यामिलेने मूठ पाहिली, उघडी. ओतिलिया कान देऊन होती, आवाज नाही. विल्मार तोंड फिरतंय का ते बघत होता, फिरलं नाही. अनातोलिओने पायाकडे पाहून मान हलवली. काही नाही. आणि त्या क्षणी एदेल्मिराच्या मनात आनंद उसळला. खराखुरा आनंद, ज्याची तिला पुढे कितीतरी दिवस लाज वाटत राहिली. तयार नाही, तिने मनात म्हटलं. बघा, नाही तयार.

बेरेनीसे उभीच होती. “खालचा ओठ दातांत धरला तिने,” ती म्हणाली. “वरचे दोन दात पक्के आलेत, हो ना? सरळ आलेत अगदी.” मग एकदम वरमून म्हणाली, “माफ करा. दिवसभर तेच बघते मी, कुणाचं तोंड दिसलं की आधी दातच दिसतात.” ती पुन्हा मुलीकडे वळली. “ओठ म्हणजे हो का? बसू?”

ओठ आत गेला. दात दिसले.

“की परत जाऊ?”

ओठ सुटला. नायिबे तिच्याकडे बघत राहिली, ओल्या ओठांनी.

“बसते मग,” बेरेनीसे म्हणाली आणि बसली, आणि बसल्यावर तिने दोन्ही हातांनी स्टूल धरून ठेवलं, पडेल या भीतीने असावं.

एदेल्मिराला त्या डोळ्यांपर्यंत पोचायला आठ महिने लागले होते. नळी निघेपर्यंतचे आठ महिने, मांडीवर, खोकल्यात, तापात. या बाईला पाच मिनिटंही लागली नाहीत. तिला पोरीचा राग आला. मग पोरीचा अभिमान वाटला. मग आपल्याला नक्की काय वाटतंय ते बघायला ती थांबली, तर दोन्ही तिथेच होतं आणि दोहोंच्या मधून वाट नव्हती. पोरीला आधी भाषाच नव्हती, आठ महिन्यांत तिने पहिली केली ती माझ्यासाठी, असं तिने स्वतःला सांगून पाहिलं. ते खरंही होतं. त्याचा आत्ता फारसा उपयोग होत नव्हता.

“सेन्योरा एदेल्मिरा,” पिलार मॅडम हळूच म्हणाल्या, “कागद.”

तिने तो काढला. टेबलावर ठेवून हाताने सपाट केला. दोन चौकटी, दोन डाग. विल्मारने आईकडे बघून नाही अशी मान हलवली. यामिले जमिनीकडे बघत होती. ओतिलियाला जे म्हणायचं होतं ते तिने आधीच म्हटलं होतं.

एदेल्मिरा उठली. बेरेनीसे लगबगीने स्टूलवरून बाजूला झाली आणि एदेल्मिरा तिच्या जागी बसली, कंबर धरत. तिने नायिबेचं तोंड दोन्ही हातांत घेतलं.

“नायिबे, या बाईंबरोबर त्यांच्या घरी राहायला जायचं? कायम? मी तिथे नसेन. इथलं कुणी नसेल. जायचंय तुला?”

डोळे वर गेले.

“मला नीट दिसलं नाही,” एदेल्मिरा म्हणाली. “उजेड कमी आहे इथे.” साडेचारचं ऊन सरळ खिडकीतून मुलीच्या तोंडावर येत होतं. “पुन्हा सांग बाळा. जायचंय?”

डोळे पुन्हा वर गेले, आणि या वेळी त्याबरोबर आवाज आला. एदेल्मिराशी बोलताना नायिबे कधीच आवाज काढत नसे. छातीतून जोर लावून काढलेला तो ‘अं’ होता. त्यासाठी तिची मान लाल झाली होती.

“मला ऐकू आलं एदे,” मागून ओतिलिया म्हणाली.

एदेल्मिराने मुलीच्या हनुवटीवरची लाळ पदराने टिपावी तशी एप्रनच्या टोकाने टिपली, उठली, टेबलाशी आली. यामिलेने पेन पुढे केलं. एदेल्मिराने पहिल्या चौकटीत खूण केली. मग पेन न उचलताच मॅडमना विचारलं, “मुलगी तयार आहे म्हणून लिहिलं. घराबद्दल काही लिहायचं असतं का कुठे? घर तयार आहे की नाही?”

“नाही,” पिलार मॅडम म्हणाल्या. “तसा रकाना नाही.”

“बरं झालं,” एदेल्मिरा म्हणाली आणि सही केली.